जिलेटिन : श्रद्धेचा प्रश्न आणि माहितीचा हक्क

माझ्या एका विद्यार्थ्याची आई औषधाची कॅप्सूल कधीही सबंध गिळत नाही. ती उघडून आतली पूड पाण्यात कालवून घेते व कवच टाकून देते. कारण कवच जिलेटिनचे, आणि ते कोणत्या जनावराचे हे तिला ठाऊक नाही. काही औषधे अशी उघडून घ्यावयाची नसतात, हे मात्र त्या माउलीला कोणी सांगितलेले नाही.

जिलेटिन हे मुख्यतः गुरांच्या वा डुकरांच्या कातडी-हाडांपासून काढलेले प्रथिन. जेलीपासून औषधांच्या कवचापर्यंत ते सर्वत्र आढळते. इस्लामला डुक्कर निषिद्ध आहे. गाय-म्हैस चालते, पण विधिपूर्वक जबह केलेली. परंतु प्रक्रियेत मूळ पदार्थच पालटला, तर निषेध उरतो काय? या स्वरूपांतराला धर्मशास्त्रात ‘इस्तिहाला’ म्हणतात. दारूचा आपोआप सिरका झाला तर तो सर्वांनाच चालतो. हनफी पंथ हे तत्त्व पुष्कळ पुढे नेतो. मिठागरात पडून मीठ झालेले गाढव त्याच्या लेखी मीठच. शाफई पंथ ते मोजक्या बाबींपुरतेच मानतो. आपल्या कोकणातील मुसलमान बहुतांशी शाफई, तर घाटावरील बहुतांशी हनफी. शिवाय जिलेटिनमध्ये रूपांतर पूर्ण होते असे कित्येक हनफी विद्वानांनाही वाटत नाही. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८६ साली डुकराच्या जिलेटिनचा अन्नातील वापर अमान्य केला. उलट १९९५ साली कुवेतच्या इस्लामी वैद्यकशास्त्र संघटनेच्या परिसंवादाने रूपांतरित जिलेटिन शुद्ध ठरविले.

या वादात निवाडा देण्याचा अधिकार सरकारला नाही, आणि अर्थशास्त्राच्या अध्यापकाला तर नाहीच. तो ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकाचा प्रश्न आहे. पण विवेकालाही आधी माहिती लागते, आणि तीच येथे मिळत नाही. २०११ च्या अन्नविषयक नियमांनी वेष्टनावर ‘जिलेटिन – प्राणिजन्य’ असे छापावयास लावले. प्राणी कोणता, हे मात्र गुलदस्त्यातच राहिले. मांसाहाराची तपकिरी खूण जैन वा शाकाहारी हिंदू ग्राहकाला पुरेशी असेल. मुसलमान ग्राहकाचा प्रश्न तिच्यापुढे सुरू होतो. औषधांवर तर तीही नाही. औषधे व प्रसाधने यांवर अशी खूण असावी, हा दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली रद्द केला.

विक्रेत्याला ठाऊक असलेली गोष्ट ग्राहकाला ठाऊक नसेल, तर बाजार नीट चालत नाही, हा आमच्या शास्त्राचा साधा पाठ आहे. कच्चा माल कशाचा आहे हे कारखानदार खरेदी करतानाच जाणतो. आणखी एक शब्द छापण्यास त्याला फारसा खर्च येणार नाही. रोगी औषधच नाकारतील, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. पण प्राण वाचविण्यासाठी निषिद्धही क्षम्य ठरते, हे कुराणानेच सांगितले आहे. आणि नाकारणारे आज संशयापोटी नाकारतातच. उलट मागणी उघड झाली, तर वनस्पतिजन्य सेल्युलोजची कवचे आणि समुद्रशैवालापासूनचे अगर यांना वाव मिळेल.

धर्माचा निर्णय धर्मवेत्त्यांनी द्यावा, खाण्याचा निर्णय खाणाऱ्याने घ्यावा. सरकारने आणि कारखानदाराने फक्त खरे काय ते सांगावे. मग ती माउली कॅप्सूल गिळील वा डॉक्टरांकडून दुसरे औषध मागून घेईल. निदान अंधारात पूड कालवणार नाही.