गादी रोमची, पुरावा कशाचा?



‘मूळ चर्च कॅथलिकांचेच, प्रोटेस्टंट १५१७ नंतरचे’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान पुराव्याला धरून नाही. हा दावा प्रेषित पेत्रापासून चालत आलेल्या रोमच्या बिशपाच्या गादीवर उभा आहे; पण सुरुवातीच्या कागदांत ती गादी दिसत नाही. इ. स. ९६च्या सुमारास रोमहून करिंथला गेलेले पत्र सगळ्या मंडळीच्या नावाने आहे. त्यात रोमच्या कुणा बिशपचे नाव नाही. पुढे अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याने रोमला लिहिले, तेव्हाही तिथल्या बिशपचा उल्लेख नाही. रोमच्या बिशपांची यादी ल्योंचा बिशप आयरेनियस देतो ती १८०च्या सुमारास. मग पेत्र रोमला गेलाच नाही का? तसे मुळीच नाही; तिथल्या त्याच्या हौतात्म्याची परंपरा जुनी आहे. पण हौतात्म्य वेगळे, गादी वेगळी. आपल्या धाराशिव जिल्ह्यातील तेरला रोमशी व्यापाराच्या खुणा सापडतात, म्हणून तिथे रोमचे राज्य होते असे कोणी म्हणत नाही. मात्र रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने बिशपशाही आणून चर्च बिघडवले, हा नगरकडच्या प्रोटेस्टंट मिशन परंपरेतील काही बंधूंचा आवडता दावाही टिकत नाही. बिशपांची यादी देणारा आयरेनियस कॉन्स्टंटाईनच्या शंभरावर वर्षे आधीचा आहे.

– एक वाचक, धाराशिव