जुन्या कोटाची झूल

मार्गशीर्ष उजाडला म्हणजे या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग पालटतो. लोणच्या-मुरंब्यांच्या जागी लोकर, रजया आणि खोकल्याचे काढे येतात. यंदा त्यांत एक निराळा प्रश्न आहे, आणि तो मुख्यतः दिल्ली, ग्वाल्हेर, इंदूर येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडून आला आहे: घरातल्या कुत्र्याला थंडीसाठी काही शिवता येईल काय? बाजारात मिळणारे तयार कपडे महाग असतात. शिवाय आपले गावठी कुत्रे उंच पायांचे, खोल छातीचे आणि बारीक कमरेचे. तयार कपडा त्याच्या छातीला घट्ट बसतो आणि पोटाशी लोंबतो.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. पत्रांत सर्वांनी ‘कुत्र्याचा कोट’ असे लिहिले आहे. दिवसभर एका भाषेतून दुसऱ्या भाषेत शब्द वाहून नेण्याचे काम करणाऱ्याला हा प्रयोग जरा खटकतो. कारण या वस्तूला ना बाह्या, ना खिसे. पाठीवर पसरून छातीपाशी आणि पोटाखाली बांधावयाच्या वस्त्राला आपल्याकडे चांगला जुना शब्द आहे, तो म्हणजे झूल. पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालतात तीच. तेव्हा येथे आपण झूलच म्हणू.

काही वाचकांच्या मनात येईल की, देशात माणसांना पांघरायला नसताना कुत्र्यासाठी झुली शिवीत बसावे काय? हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याला टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. धड असलेला स्वेटर, कोट किंवा कांबळे आधी माणसाकडेच गेले पाहिजे. जुने कपडे गोळा करून गरजूंपर्यंत पोचविणाऱ्या संस्था आता पुष्कळ शहरांत आहेत. दिल्लीत १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘गूंज’ने तर या कामाला देशभर प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु कसरीने भोके पाडलेली शाल, कोपर फाटलेला स्वेटर, अस्तर गळून गेलेला कोट यांचे काय? अशा वस्तू बोहारीणसुद्धा नाक मुरडून परत करते. झुलीसाठी आपण घ्यावयाचे ते एवढेच. त्यातूनही उरले, तर पानिपतच्या गिरण्या जुनी लोकर पिंजून तिचे पुन्हा सूत काढतात आणि त्याची कांबळी विणतात, हे आपणांस ठाऊक असेलच.

आता झूल कोणाला हवी? सगळ्यांना नव्हे. कुत्र्याच्या शरीराचे तापमान आपल्यापेक्षा अधिक, साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते आणि केसांत अडकलेली हवा ते राखते. भोटिया किंवा पॉमेरेनियन यांच्या अंगावर दुहेरी केस असतात, वर राठ आणि खाली दाट मऊ लव. त्यांना झूल घातल्यास केस चेपून आतली हवाच नाहीशी होते, आणि बिचाऱ्या प्राण्याचे हित होण्याऐवजी अहित होते. याउलट मुधोळ, कारवानी, राजापालयम या आपल्या शिकारी जाती अंगाने सडपातळ. त्वचेखाली चरबी बेताची आणि केस आखूड. गावठी कुत्र्यालाही लव थोडीच असते. त्याशिवाय लहान पिले, आजारातून उठलेली आणि वयाने थकलेली कुत्री यांना थंडी अधिक बाधते. परिचयाच्या एका घरी तेरा वर्षांची कुत्री होती. पौषातल्या पहाटे ती जागची उठेना. मागचे पाय ताठत आणि दोघांनी उचलून तिला अंगणात न्यावे लागे. पशुवैद्यांनी सांध्यांच्या औषधाबरोबर रात्रीच्या उबेची सक्त ताकीद दिली. त्या दोन हिवाळ्यांत तिच्या अंगावर आजोबांच्या जुन्या कोटाची पाठ होती, आणि ती आपल्या पायांनी पायऱ्या उतरत होती. औषधाचा वाटा किती आणि कोटाचा किती, हे कोणी सांगावे. पण घरच्यांनी दोन्ही सोडले नाही.

मैदानी प्रदेशात किमान तापमान ४ अंशांवर किंवा त्याहून खाली आले म्हणजे हवामान खाते थंडीची लाट जाहीर करते. उत्तरेत अशा रात्री दर हिवाळ्यात येतात. आपल्या निफाडकरांनाही त्या अपरिचित नाहीत. मुंबईच्या किंवा गोव्याच्या वाचकांनी मात्र केवळ हौसेखातर कुत्र्याला लोकरीत गुंडाळू नये. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. धापा टाकूनच त्याला अंगातली उष्णता बाहेर घालवावी लागते. झूल असताना तो जीभ काढून धापू लागला किंवा सारखा अंग घासू लागला, तर ती तत्काळ काढावी.

कामाला हात घालण्यापूर्वी मापे घ्यावीत. कुत्रा उभा असताना शिंप्याच्या टेपेने तीनच मापे पुरतात: गळ्याचा घेर, पुढच्या पायांमागे छातीचा सर्वांत मोठा घेर, आणि गळपट्ट्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीची लांबी. उदाहरणादाखल गळा १५ इंच, छाती २६ इंच आणि पाठ २१ इंच धरू. मध्यम बांध्याच्या गावठी कुत्र्याचे माप याच्या आसपास येते. झूल शेपटीच्या दोन इंच अलीकडे थांबावी, म्हणजे लांबी १९ इंच. छातीवर बांधावयाच्या दोन पाळ्यांसाठी पुढे ७ इंच अधिक धरावेत. रुंदी छातीच्या घेराच्या दोन-तृतीयांश, म्हणजे सुमारे १८ इंच. अशा रीतीने २६ इंच लांब आणि १८ इंच रुंद तुकडा लागतो, आणि मोठ्या माणसाच्या लोकरी कोटाची पाठ त्याला बहुधा पुरते. मधली शिवण असली तरी बिघडत नाही. ती कण्यावर येऊ द्यावी आणि आतून चपटी शिवून टाकावी.

आधी कात्री वर्तमानपत्रावर चालवावी, कापडावर नव्हे. १८ इंचांच्या पुढच्या कडेत मधोमध ८ इंच रुंद आणि ७ इंच खोल असा गोल गळा काढला की दोन्ही बाजूंना पाच-पाच इंचांच्या पाळ्या उरतात. त्या छातीवर दोन इंच एकमेकींवर चढवल्या असता गळ्याचा घेर सुमारे १७ इंच भरतो. म्हणजे १५ इंचांच्या मानेला दोन इंचांची सैल राहिली. कागद कुत्र्याच्या पाठीवर घालून पाहावा. तो पळून जाईल, कागद फाडील, आणि घरातली मुले आनंदाने टाळ्या पिटतील. तेवढे गृहीत धरून कागदाची दुसरी प्रत जवळ ठेवावी.

पोटपट्टीचा हिशेब असा: छातीचे २६ इंच आणि सैलीचे दोन मिळून २८, त्यातून झुलीचे १८ वजा जाता १० उरतात. शिवणीला आणि एकावर एक चढविण्याला तीन धरून १३ इंच लांब व साडेतीन-चार इंच रुंद पट्टी कापावी. एक टोक झुलीच्या कडेला पक्के शिवावे, दुसरे मोकळे ठेवावे. कुत्रा नर असल्यास पट्टी पुढच्या पायांच्या लगत, छातीखालीच राहील असे पाहावे; ती मागे सरकली तर पहिल्या संध्याकाळीच मुत्राने भिजेल. बांधल्यावर पट्टीखालून आपली दोन बोटे सहज गेली पाहिजेत.

अस्तरासाठी जुने धोतर किंवा विटलेले सुती लुगडे यांच्यासारखे दुसरे काही नाही. धुऊन धुऊन ते इतके मऊ झालेले असते की राठ लोकर अंगाला टोचत नाही. लोकर आणि अस्तर यांच्यात कच्चा दोरा घालून, गोधडीसारखे चार-चार बोटांवर धावदोऱ्याचे टाके घ्यावेत, म्हणजे धुताना अस्तर गोळा होणार नाही. कडेला त्याच लुगड्याच्या काठाचा गोट लावावा. सुंदर दिसतो हे खरे, पण मुख्य म्हणजे काठ घट्ट विणीचा असल्यामुळे टिकतो.

बंद कशाचे करावेत, याविषयी आमचे मत ठाम आहे. बटणे नकोत, कुत्रा ती चावून काढतो आणि गिळतो. साखळीच्या दात्यांत केस अडकतात. लोंबत्या नाड्या पायात आणि खिडकीच्या गजात गुंततात. रुंद वेल्क्रोची पट्टी चांगली, मात्र तिच्यात अडकलेले केस आठवड्यातून एकदा जुन्या दातघासणीने काढावे लागतात. सुरक्षिततेच्या दृष्टीनेही ती बरी. कुत्रा कशात अडकून हिसडे देऊ लागला तर ती सुटते.

पिलासाठी इतका खटाटोप नको. विणलेल्या स्वेटरची बाही घ्यावी. मनगटाची ताणली जाणारी पट्टी म्हणजे पिलाचा गळा. त्याखाली पुढच्या पायांसाठी दोन भोके पाडली की बंडी तयार. विणकाम कापले की उसवत जाते, म्हणून भोकाच्या खुणेभोवती आधी हातटिपेची दुहेरी ओळ घालावी आणि मग आत कापावे. स्वेटर अस्सल लोकरीचा असल्यास दुसरी युक्ती आहे. कडकडीत पाण्यात साबण घालून तो चांगला चोळावा. एरवी आपण ज्या आटण्याला भितो तेच येथे उपयोगी पडते. लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतून नमद्यासारखे दाट कापड होते, आणि त्याच्या कडा उसवत नाहीत. पिले मात्र झपाट्याने वाढतात. बगलेत काचते की काय हे दर दोन-चार दिवसांनी पाहावे.

झूल भिजली तर लगेच काढावी. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेते. ओल्या सुती अस्तरापेक्षा उघडे, पण कोरडे अंग बरे. दिवसा उन्हात झूल काढून कुत्र्याचे केस विंचरावेत आणि त्वचा लाल झाली आहे काय ते पाहावे.

गल्लीतल्या कुत्र्यांनाही झुली शिवाव्यात काय, असे काहींनी विचारले आहे. या वाचकांच्या भूतदयेला वंदन करूनही आमचे उत्तर सावध आहे. जिची रोज पाहणी होणार नाही अशी झूल कुत्र्याच्या अंगावर चढवू नये. ती दवाने भिजते, पायात अडकते, वाढत्या अंगाला रुतते, आणि फाल्गुनात ती काढायला कोणी नसते. रोज खाऊ घालणारा आणि ज्याला कुत्रा अंगाला हात लावू देतो असा माणूस असेल, तर गोष्ट निराळी. एरवी त्याच श्रमात गोणपाटाचे जुने पोते गवताने किंवा भाताच्या पेंढ्याने भरून, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवावे. पेंढा ओला झाला की बदलावा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत ज्या विषयाचा पाठपुरावा केला आणि ज्यातून १९६० चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा आला, त्या विषयाची गल्लीतली बाजू ही अशी पेंढ्यापोत्यांची आहे.

होळी झाली म्हणजे झूल कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवावी आणि सुकलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह कापडात गुंडाळून ठेवावी. डांबरगोळ्या मात्र घालू नयेत. त्यांतले नॅफ्थॅलीन कुत्र्याला विषारी असते, आणि पुढच्या हिवाळ्यात ट्रंक उघडताच पहिले नाक तोच खुपसणार.