पाळणाघराशिवाय कसलं पुनरुज्जीवन?

परवा आमच्या भागात एक बैठक झाली. विषय होता ‘शहराचं पुनरुज्जीवन’. व्यासपीठावर सगळे पुरुष. कुणी मॉल सुचवला, कुणी उड्डाणपूल, कुणी म्हणालं सवलती देऊन मोठा कारखाना आणा. माझ्या शेजारी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एक मावशी बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “ताई, कारखाना आणायचा कशाला? तो तर आमच्या घरातच आहे.”

मावशी जीन्सचे धागे कापतात. ठेकेदार गठ्ठा आणून टाकतो. त्या, सून आणि शाळेतून आलेली नात कात्री घेऊन बसतात. मजुरी नगावर, आणि भाव ठेकेदार ठरवणार. शेजारणीला काय भाव मिळतो, हे एकीचं दुसरीला ठाऊक नसतं. बोटं सुजली, बाळंतपण आलं की मजुरी बंद.

आपण या पट्ट्याची पडझड बंद गेटांवरून मोजतो. अंबरनाथला विमको नाका राहिला, आगपेट्यांचा कारखाना गेला. शेजारच्या मोहोन्याची एन.आर.सी. २००९ साली बंद पडली. बदलापूरची वस्ती २००१ साली लाखाच्या आत होती, ती २०११ साली पावणेदोन लाखांच्या आसपास गेली. पण कामासाठी अनेकींना मुंबईची लोकलच गाठावी लागते. गेट बंद झालं की निदान बातमी होते, युनियनच्या दप्तरात देणी तरी लिहिलेली असतात. मावशींचं काम थांबलं तर त्याची नोंद कुठे होणार?

हे आम्ही पाहिलं आहे. जीन्स धुण्याच्या कारखान्यांनी वालधुनी नदी रंगवून टाकली. २०१५ साली हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल दंड ठोठावला. पुढच्या दोन-तीन वर्षांत धुलाईच्या अनेक कारखान्यांना टाळी लागली. नदी वाचायलाच हवी, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण मालकांच्या नुकसानीची चर्चा झाली, धागे कापणाऱ्या बायकांचं नावही कुणी काढलं नाही.

म्हणून मी दोन गोष्टी मांडते. ऐकणारे हसतात, तरी मांडते.

पहिली, माथाडीसारखं मंडळ. हमालाला एक मालक नसतो. आज या दुकानात, उद्या त्या. तरीही १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. व्यापाऱ्याने मंडळाकडे नोंद करायची, मजुरी मंडळामार्फत द्यायची आणि वर लेव्ही भरायची. त्यातून हमालाला भविष्य निर्वाह निधी मिळाला. मग धागा कापणारीला का नाही? १९६६ च्या विडी कायद्याने घरी विड्या वळणारी बाईसुद्धा कामगार मानली होती. म्हणजे मनात आणलं तर कायद्याला घरातली बाई दिसते!

दुसरी, वॉर्डावॉर्डात कामाची खोली आणि तिला लागून पाळणाघर. पालिकेच्या वापरात नसलेल्या खोल्या यासाठी द्याव्यात. २०१७ पासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं, पण घरी एकटीने काम करणारीचे ५० कधी भरायचे? चार जणी एकत्र बसल्या तर उजेड मिळेल, पोर सुरक्षित राहील, आणि मुख्य म्हणजे भाव एकमेकींना कळेल. घरूनच काम करायचं असेल तिला ती मुभा असावी. नोंद मात्र दोघींची व्हावी.

“खर्च वाढला तर धंदा दुसरीकडे जाईल,” असं व्यापारी म्हणतात. ही भीती अगदीच खोटी नाही. म्हणूनच मंडळ एकट्या उल्हासनगरचं नको, निदान या तीन शहरांचं आणि भिवंडी-कल्याणचं हवं. पण नदी आणि बाई यांच्या जिवावर स्वस्त राहिलेला धंदा किती दिवस टिकतो, हेही आपण पाहिलंच की.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींमध्ये निर्वासित सिंधी कुटुंबं आली. १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. बायकांनी बराकींमध्येच पापड लाटले. हे शहर घरातून उभं राहिलं आहे. ते पुन्हा उभं करायचं तर सुरुवात घरापासूनच करायला नको का?

आम्ही आमच्या गल्लीत घरोघरी जाऊन कोण काय काम करते आणि काय भाव मिळतो, याची वही सुरू केली आहे. तुमच्या वस्तीतही अशी वही ठेवा. मंडळ मागायला जाऊ तेव्हा त्या वह्या सोबत नेऊ.