डागडुजी मालकाची, भुर्दंड पाहुण्याला

पावसाळा सुरू झाला की गोव्यातील हॉटेलवाल्यांचा हंगाम संपतो आणि गवंडी, सुतार व रंगारी यांचा सुरू होतो. पर्यटकांची गर्दी ओसरलेली असते, बऱ्याच खोल्या रिकाम्या असतात. अशा वेळी फुटक्या फरश्या, कुजलेली दारे आणि गळके नळ बदलून घ्यावेत, हा विचार व्यवहाराला धरूनच आहे. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस सोसणाऱ्या इमारतींवरून वेळच्या वेळी हात फिरवावाच लागतो. तेव्हा दुरुस्ती का काढली, असे कोणीही शहाणा माणूस विचारणार नाही. प्रश्न आहे तो दुरुस्ती चालू असताना त्याच इमारतीत पैसे मोजून उतरणाऱ्या पाहुण्याचा.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांना नुकताच आलेला अनुभव या संदर्भात सांगण्याजोगा आहे. वृद्ध आईला बांबोळीच्या गोमेकॉत दाखवण्यासाठी ते सिंधुदुर्गातून आले. पणजीतील एका स्वस्त हॉटेलात त्यांनी दोन रात्रींची खोली आगाऊ पैसे भरून राखून ठेवली होती. छायाचित्रात खोली स्वच्छ होती, लिफ्टचा उल्लेख होता, दुरुस्तीचा मात्र अवाक्षरानेही नव्हता. प्रत्यक्षात दारासमोर बांबूंची परांची उभी, आत सिमेंटच्या गोण्यांची थप्पी, लिफ्ट बंद आणि खोली तिसऱ्या मजल्यावर! गुडघे धरलेल्या त्या माउलीला मुलाने जिन्यात तीनदा बसवत वर नेले. सकाळी आठाला शेजारच्या खोलीत फरशी कापण्याचे यंत्र सुरू झाले. दाराच्या फटीतून धूळ आत आली, म्हातारीला खोकल्याची उबळ आली आणि दुपारपर्यंत नळाला पाणी नव्हते. तक्रार केली तेव्हा व्यवस्थापकाने विचारले, “या भाड्यात तुम्हांला आणखी काय हवे?”

सगळे दुखणे या एका प्रश्नात साठलेले आहे. कमी भाडे देणाऱ्याने कमी सुखसोयींची अपेक्षा ठेवावी, हे मान्य. त्याला मऊ गालिचा नको, न्याहारीला दहा पदार्थ नकोत. परंतु स्वस्त खोली घेणाऱ्याने खरी माहिती मिळण्याचा हक्कही सोडून दिला आहे, असे कोणत्या न्यायाने म्हणता येईल? आपल्या देवस्थानांच्या अग्रशाळा आठवाव्यात. तेथे थाटमाट नसतो, पण आपल्याला काय मिळणार आहे आणि काय नाही, हे भाविकाला ठाऊक असते. म्हणून साध्या चटईवर निजूनही तो फसवला गेल्याच्या भावनेने परतत नाही. खोलीचा साधेपणा अपमान करीत नाही, लपवाछपवी करते.

शिवाय या हॉटेलांत उतरणारा माणूस कोण असतो, याचाही विचार व्हावा. रुग्णाचा नातेवाईक, पर्वरीच्या न्यायालयातील तारखेसाठी आलेला पक्षकार, नोकरीच्या परीक्षेला आलेला तरुण, फिरता विक्रेता. श्रीमंत पर्यटक गैरसोय दिसताच गाडी वळवून दुसरीकडे जाईल. या माणसाने मात्र मोजके पैसे आधीच भरलेले असतात. दुसरी खोली घेण्याची ऐपत आणि शोधण्याची सवड त्याच्यापाशी नसते. त्याच्या या अडचणीवरच मौन बाळगणाऱ्याचा नफा उभा असतो. आणि ही काही धर्मादाय सेवाही नव्हे. एक हजार रुपयांपर्यंतच्या खोल्यांना असलेली वस्तू व सेवा करातील सूट जुलै २०२२ मध्ये गेली. तेव्हापासून सर्वांत स्वस्त खोलीत राहणाऱ्याच्या भाड्यावरही कर लागतो.

कायदा या बाबतीत पाहुण्याच्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ साली झाला. त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्याने, ग्राहकाला आवश्यक असलेली माहिती हेतुपुरस्सर दडवणे हीच सेवेतील त्रुटी ठरवली आहे. पाहुण्याने आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करावी, अशीही सोय त्यात आहे. म्हणजे सावंतवाडीच्या किंवा बेळगावच्या माणसाला त्यासाठी पणजीचे खेटे घालण्याचे कारण नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारातील तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्रही उपलब्ध आहे. पण हजार-बाराशे रुपयांसाठी कोण धडपडणार, असे म्हणून बहुतेक जण गप्प बसतात आणि त्या गप्प बसण्यावर पुढच्या पाहुण्याची फसवणूक पोसली जाते.

गैरसोयीपलीकडची बाब जिवाची आहे. फरशी व चिरे कोरडे कापले की उडणारी बारीक धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. पाणी सोडत कापल्यास ती बरीचशी जागीच बसते. हा उपाय खर्चाचा नाही आणि तो पाहुण्याइतकाच त्या धुळीत तोंडाला फडकेही न बांधता राबणाऱ्या कामगारासाठीही हवा. त्याहून मोठे भय आगीचे आहे. २९ एप्रिल २०२५ रोजी कोलकात्याच्या बडाबाजार भागातील एका स्वस्त हॉटेलाला आग लागून १४ जण मृत्युमुखी पडले. इमारतीत नूतनीकरण चालू होते आणि बहुतेकांचा बळी ज्वाळांनी नव्हे, धुराने घेतला. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या हडफड्यात नाइट क्लबच्या आगीत २५ प्राण गेले. रंगाचे डबे आणि फळ्या ज्या जिन्यावर रचून ठेवल्या जातात, तोच जिना संकटाच्या वेळी बाहेर पडण्याची वाट असतो, हे विसरण्याची किंमत किती भयंकर असते, ते गोव्याला आता वेगळे सांगावे लागू नये.

हॉटेलमालकांची बाजू आम्ही नाकारीत नाही. दुरुस्तीसाठी तीन-चार महिने कुलूप लावले तर नोकरांचे पगार कोठून द्यावेत, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. पण सर्व बंद ठेवा, अशी मागणी कोणी केलेलीच नाही. आरक्षण घेतानाच दुरुस्तीची आणि बंद सोयींची माहिती द्यावी. काम चाललेल्या मजल्यावर पाहुणा ठेवू नये. ठोकाठोकीच्या वेळा ठरवून त्या दारात लावाव्यात. जिने मोकळे ठेवावेत, भाड्यात रास्त सवलत द्यावी आणि ज्याला राहणे जमणार नाही त्याचे पैसे बिनबोभाट परत करावेत. १९८२ च्या कायद्यानुसार हॉटेलांची नोंदणी करणाऱ्या पर्यटन खात्याने एवढ्या अटी परिपत्रकाने घालाव्यात आणि त्या पाळल्या जातात की नाही हे पाहण्यासाठी पावसाळ्यातही आपला निरीक्षक पाठवावा. आपल्या खात्याचे काम केवळ किनाऱ्यावरच आणि केवळ हंगामातच असते, ही समजूत खात्याने टाकून देणे बरे.

पाहुण्यांनीही खोली घेण्यापूर्वी “काम चालू आहे का?” असे स्पष्ट विचारावे, पावती जपावी, छायाचित्र काढून ठेवावे. वर ज्या गृहस्थांची हकिकत सांगितली, त्यांना मालकाने दूरध्वनीवर खरे सांगितले असते, तर त्यांनी कदाचित तीच खोली तळमजल्यावर मागून घेतली असती आणि आभारही मानले असते. खरे सांगायला सिमेंट लागत नाही, गवंडीही लागत नाही. भिंतींना रंग देण्याआधी हॉटेलवाल्यांनी आपल्या शब्दाची डागडुजी करावी. ती झाली, तर परांचीतून वाट काढत आलेला पाहुणाही पुढच्या वर्षी त्याच दारात पुन्हा येईल.