मुलींच्या हातीही संगणक हवा

दहावीचा निकाल लागला की मुलासाठी बेळगाव, कोल्हापूर, पुणे अशी चौकशी सुरू होते. मुलगी असेल तर जवळचे कॉलेज आणि परतीची बस यावरच तिची शाखा ठरते. संगणकशास्त्र तिच्यापुढे येतच नाही. तिला गती नसते असे नव्हे. तो विषय असतो कसा, हे तिला कोणी दाखवलेलेच नसते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ग्रामीण भारतात १५ ते ४९ वयाच्या ४८.७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. स्त्रियांत हे प्रमाण २४.६ टक्के होते. त्यानंतर फोन वाढले. पण घरातला फोन आधी कोणाच्या हाती जातो आणि उरला तर कोणाला मिळतो, हे वाचकांनी आपल्याच घरी पाहावे.

हा विषय पुरुषांचा, ही समजूत इतिहासाला धरून नाही. यंत्राकडून गणिते कशी करून घ्यावीत याची पद्धत १८४३ मध्ये प्रसिद्ध करणारी एडा लव्हलेस ही स्त्रीच होती. अमेरिकेतील एनिअ‍ॅक या सुरुवातीच्या संगणकाची आज्ञावली बसवणाऱ्या सहाही जणी स्त्रिया होत्या. फार लांब कशाला, हुबळीत इंजिनिअर झालेल्या सुधा मूर्ती यांनी १९७४ मध्ये 'स्त्रियांनी अर्ज करू नये' अशी जाहिरात पाहून थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले आणि टेल्कोत नोकरी मिळवली.

राहिला भाषेचा प्रश्न. मराठी शाळेतल्या मुलीला वाटते, संगणक म्हणजे इंग्रजी. हे अर्धेच खरे आहे. प्रोग्रॅमिंगचा गाभा कामाची पायरी पायरीने मांडणी हा आहे, आणि ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या मुलीला ती नवी नाही. 'पुढे जा, साठ अंश वळ, हे सहा वेळा कर' एवढे सांगितले की पडद्यावर षटकोन उमटतो. 'स्क्रॅच' या मोफत साधनात अशा आज्ञांचे ठोकळे नुसते जोडायचे असतात. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे धडे मराठीतही आहेत आणि तेही विनामूल्य.

म्हणूनच ऑनलाइन कार्यशाळा आमच्या गावांना सोयीच्या आहेत. शिकवणारी व्यक्ती पुण्यात असो वा बंगळूरला, मुलीला तालुक्याला जावे लागत नाही. मात्र एकटीने फोनवर बसून हे नेहमी साधत नाही. रेंज जाते, घरातून हाक येते, शंका विचारायला कोणी नसते. तेव्हा शाळेतील किंवा ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयातील एक खोली रविवारी दुपारी दोन तास मुलींसाठी उघडावी. एक संगणक, एक मोठा पडदा आणि सोबत एक शिक्षिका एवढ्यावर सुरुवात होते. धडे आधी उतरवून ठेवले तर रेंजचीही अडचण उरत नाही. गणेशोत्सवाच्या मांडवावर होणाऱ्या खर्चातील थोडा भाग मंडळांनी इकडे वळवला तर गणरायाला, तो विद्येचा देव असल्याने, आनंदच होईल.

पालकांनी सावधही राहावे. नोकरीची हमी देऊन भरमसाट शुल्क मागणाऱ्यांना दारात उभे करू नये. मुलीचा फोटो, पत्ता, फोन क्रमांक मागणाऱ्याची आधी शाळेमार्फत चौकशी करावी. पण या भीतीपोटी मुलीचा फोनच काढून घेणे म्हणजे रस्त्यावर गाड्या आहेत म्हणून तिला शाळेत न पाठवण्यासारखे आहे.

चार रविवारांच्या कार्यशाळेतून कोणी इंजिनिअर होत नाही, असा दावा आम्हीही करत नाही. पण पी.यू.सी.ला किंवा डिप्लोमाला शाखा निवडताना त्या मुलीला या विषयाची ओळख असेल. तिने तो घ्यावा की सोडावा, हे मग तिने ठरवावे. आज तिच्या वतीने बसचे वेळापत्रक ठरवते आहे, आणि ते आम्हाला मान्य नाही.