'बदलून बघू'

गेल्या शनिवारी बाबा साताऱ्याहून पुण्याला आले. गाडी पार्किंगमधे लावली, पण बंद केली नाही. मला फोन करून खाली बोलावलं आणि म्हणाले, "ऐक जरा."

बॉनेट उघडलं. स्स्स्स्स... सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा आवाज, फक्त न संपणारा. जोडीला इंजिनचा वेग आपोआप वर-खाली. अॅक्सिलरेटर झटकन दाबला की फुसफुस क्षणभर दबायची, सोडला की परत हजर.

गाडी पेट्रोलची, चौदा वर्षांची. सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या मुलाने बॉनेट न उघडताच टॅबवर टिचक्या मारून एस्टिमेट काढलं. थ्रॉटल बॉडी, आयडल व्हॉल्व्ह आणि एक सेन्सर. साडेसतरा हजार! मी विचारलं, "यातलं नक्की काय गेलंय?"

"बदलून बघू सर. बहुतेक जाईल आवाज."

मी पोटासाठी सॉफ्टवेअरमधले बग शोधतो. त्यामुळे हे 'बदलून बघू' माझ्या डोक्यातच गेलं. (आम्हीही 'रीस्टार्ट करून बघ' म्हणतोच, पण रीस्टार्टला साडेसतरा हजार पडत नाहीत :-) )

खरं तर तो आवाज स्वतःच बरंच काही सांगत होता. पेट्रोल इंजिन नुसतं सुरू ठेवलं की थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि पिस्टन मात्र हवा ओढतच असतात. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमधला दाब साधारण ३० ते ४० किलोपास्कलपर्यंत उतरतो. बाहेरच्या हवेचा असतो शंभरच्या आसपास. मधल्या एखाद्या पाइपाला बारीक चीर पडली की बाहेरची हवा तिथून आत घुसते.. तीच ही फुसफुस. ही चोरवाटेने आलेली हवा थ्रॉटलला वळसा घालून येते, म्हणून आयडलिंगचा हिशोब चुकतो. अॅक्सिलरेटर दाबला की थ्रॉटल उघडतो, दाबातला फरक कमी होतो आणि आवाज दबतो. म्हणजे सुट्या भागांची यादी करायच्या आधी चीर शोधायला हवी होती.

रविवारी सकाळी नाना पेठेत एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं टोक पट्टा नि पंख्यापासून लांब ठेवत एकेका पाइपावरून फिरवलं. चार-पाच मिनिटं कोणाशी बोलणं नाही. मग एक जाड पाइप पकडीने हलकेच चिमटला. फुसफुस बंद! इंजिनही शहाण्यासारखं एका लयीत चालायला लागलं.

मग मामांनी बाबांना विचारलं, "काका, ब्रेक कडक लागतोय का?"

बाबा जरा गप्प झाले. म्हणाले, "हो, महिनाभर लागतोय. मला वाटलं, वय झालं, पायात जोर राहिला नाही."

माझ्या पोटात गोळा आला. तो पाइप ब्रेक बूस्टरचा होता. आपण पेडल दाबतो तेव्हा बराचसा जोर हा बूस्टर लावतो, आणि तो चालतो इंजिनच्या व्हॅक्युमवर. मामांनी तिथेच दाखवलं. इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबायचं, ते कडक झालं की पाय दाबून ठेवायचा आणि इंजिन सुरू करायचं. पेडल थोडं खाली जायला हवं. आमचं जेमतेम हललं. आणि अशा ब्रेकवर बाबा खंबाटकी घाट उतरून आले होते! साडेसतरा हजार भरून तीन नवे भाग बसवले असते तरी हा पाइप तसाच राहिला असता.

नवा पाइप आणि क्लिपा, ४२० रुपये. मामांनी मजुरी मागितली दीडशे. मी पाचशे दिले तर म्हणाले, "साहेब, दोन क्लिपा तर लावल्यात."

मला वाटतं, घोळ इथेच आहे. त्या सर्व्हिस सेंटरच्या मुलाला शिव्या देणं सोपं आहे, पण आपणही नवा भाग डोळ्यांना दिसला तर हजारो रुपये मोजतो आणि 'नुसतं बघायचे' दोनशे मागितले तर वाद घालतो. दोष शोधून काढण्याला आपण काम समजतच नाही. मग विकणारा भागच विकणार ना? आपल्या ऑफिसातही हेच. तीन दिवस बसून एक ओळ दुरुस्त करणाऱ्याला अप्रेझलमधे विचारतात, "एवढंच केलंस?"

तेव्हा पुढच्या वेळी कोणी 'बदलून बघू' म्हणालं, तर एकच प्रश्न विचारा: "हाच भाग बिघडलाय हे कशावरून?" जो दाखवून देईल त्याच्या कानाचे पैसे वेगळे द्या, घासाघीस न करता. आणि फुसफुशीबरोबर वाफ किंवा गोडसर वास येत असेल तर मात्र कान लावत बसू नका. इंजिन बंद करा, आणि गरम रेडिएटरचं झाकण तर अजिबात उघडू नका.

संध्याकाळी बाबा परत निघाले. पार्किंगमधेच दोनदा ब्रेक दाबून पाहिला आणि काच खाली करून म्हणाले, "पाय ठीक आहे रे माझा."