लॉनच्या दरात मातीचा हिशोब कुठे आहे?



आपण जन्मभर हराळी खुरपली. वावरात दिसली की मुळासकट उपटून बांधावर टाकली. आता तिचीच भावंडं 'लॉन' म्हणून चौरस फुटाच्या दराने विकतोय. मीही 20 गुंठ्यांत लॉन करतो, त्यामुळे या धंद्याला नावं ठेवायला बसलेलो नाही. रोख पैसा येतो, हे खरंच आहे. पण आपण अंदाज काढतो तो चुकीच्या टोकाकडून, असं माझं स्पष्ट मत झालंय.

आधी माझीच चूक सांगतो. एका बंगल्याची ऑर्डर आली. फोनवर देखरेखीचा माणूस म्हणाला, "दादा, जागा साठ बाय चाळीस आहे, घेऊन या." मी 2400 चौरस फूट कापलं आणि गाडी भरली. जाऊन बघतो तर पार्किंग, ओटा आणि पायवाट यांतच 650 फूट गेलेले. आंब्याखाली 300 फूट दाट सावली, तिथे हे गवत विरळच पडणार. खरी जागा उरली 1450. त्यावर तुटफुटीला 5 टक्के धरले तरी 1520 फूट पुरले असते. दोन बाय एकचे 760 तुकडे, बस. उरलेलं 880 फूट लॉन थप्पी लावून झाडाखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी उघडलं तर आतून वाफ, गवत पिवळं. पैसे 1520 फुटांचेच मिळाले, आणि मालकाची त्यात काही चूक नव्हती. टेप घेऊन मीच गेलो नव्हतो.

त्या दिवसापासून नियम केला. जागा स्वतः मोजल्याशिवाय वावरात फावडं लावायचं नाही. आडव्यातिडव्या जागेचे चौकोन आणि त्रिकोण पाडायचे, बांधकाम वजा करायचं. सरळ कडा असतील तर 5 टक्के जादा, वळणं असतील तर 10 टक्के. जेवढं त्या दिवशी लावून होईल तेवढंच कापायचं.

पण खरा हिशोब पुढे आहे. लॉन कापताना गवताबरोबर अर्धा इंच माती जाते. हात जड असेल तर इंचभर. 20 गुंठे म्हणजे 21,780 चौरस फूट. अर्ध्या इंचाने साधारण 907 घनफूट, म्हणजे नऊ ब्रास माती एका कापणीला वावरातून निघून जाते. एकराला धराल तर 18 ब्रास. ही वरची, खत खाल्लेली, आपल्या बापजाद्यांनी राखलेली माती. माझ्याकडे चार कापण्या झाल्या आणि बांधाकडचा कोपरा शेजारच्या वावरापेक्षा दोन बोटं खाली गेला. यंदा तिथे पाणी तुंबलं. कोणी दारात येऊन नऊ ब्रास काळी माती मागितली तर आपण काठी घेऊन धावू. इथे मात्र गवताच्या भावात ती फुकट देतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. बिलात 'माती भराई' अशी वेगळी ओळ पाहिजे. त्या पैशातून प्रत्येक कापणीनंतर कुजलेलं शेणखत आणि पोयटा वावरात परत गेलाच पाहिजे. कोणी म्हणेल, गिऱ्हाईक पलीकडच्या गावात जाईल. जाईल, एकटा मी दर वाढवला तर जाईलच. पण गावातल्या लॉनवाल्यांनी एकत्र बसून ठरवलं तर जाऊन जाऊन जाणार कुठे? दर पाडण्याच्या शर्यतीत आपण एकमेकांना नाही, आपापल्या जमिनीला हरवतोय.

गिऱ्हाइकालाही खरं सांगावं. बंगल्याच्या आवारात बहुतेक वेळा मुरूमच भरलेला असतो. त्यावर नुसती गादी अंथरली तर उन्हाळ्यात वाळणार आणि नाव आपलं खराब होणार. निदान चार इंच चांगली माती हवी. 1000 फुटांना ती सव्वातीन ब्रासच्या वर लागते, ती अंदाजात आधीच धरा. लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढा. उतार घरापासून बाहेर, शंभर फुटांना एक-दोन फूट. तुकडे विटांच्या बांधकामासारखे सांधे मोडून, कडेला कड घट्ट भिडवून लावा. मग रूळ फिरवा आणि लगेच पाणी द्या. एक कोपरा उचलून बघा, खालची माती ओली नसेल तर पाणी पोचलेलं नाही. मुळं धरायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर त्यावर खुर्च्या मांडू नयेत. पहिल्या कापणीत उंचीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त छाटू नये.

पाण्याचंही बोला. भर उन्हाळ्यात दिवसाला 5 मिलिमीटर धरलं तरी त्या 1450 फुटांना पावणेसातशे लिटर लागतं. जलजीवन मिशनमध्ये गावाकडच्या माणसाला दिवसाला 55 लिटर धरलेत. म्हणजे बारा माणसांचं पाणी! हा आकडा ऐकून मालकाने लॉन निम्मं केलं तर आपली विक्री कमी होईल, कबूल. पण टँकर परवडेना म्हणून मेलेलं लॉन आपल्याला दुसरं गिऱ्हाईक आणून देत नाही.

ज्याला घाई नाही, त्याला पावसाळ्यात ठोंब लावायला सांगा. तीन इंचाचे चौकोनी ठोंब नऊ-नऊ इंचांवर लावले तर एक फूट लॉन नऊ फुटांना पुरतं. खुरपणीला मजूर लागतो आणि जमीन झाकायला काही महिने जातात, पण आपल्या वावरातली माती नवव्या हिश्शाने जाते. लावणीची मजुरी आपण घ्यावी. कष्ट विकावेत, जमीन विकू नये.

या आठवड्यात एक काम करा. लॉनचा एक तुकडा उलटा करून त्याखालची माती पट्टीने मोजा, आणि आपल्या गुंठ्यांचा हिशोब ब्रासमध्ये मांडा. आकडा समोर आला की दर काय लावायचा, ते कोणाला विचारावं लागणार नाही.